सोमवारचं तिकीट

सोमवार, ४ मार्च
भाडं उतरलं! परळीपर्यंत तीस होतं, आता पुन्हा पूर्वीसारखं दहा. धनश्री खिडकीतून ओरडून सगळ्यांना सांगत होती. आप्पारावांची धाकटी सून ती, आमच्या थांब्यावर कमिशनवर रेल्वेची तिकिटं विकते. भाडं घटलं म्हणजे तिचं कमिशनही घटलं — तरी आनंद हिलाच!
मी दर सोमवारसारखी वैजनाथाच्या दर्शनाला निघाले, बिनतिकीट चढले. या गाडीत कुणी तपासत नाही. वाचतं ते वैजनाथाच्या पेटीत टाकते. आजवर तीस टाकायची, आज दहा. देवाचं कमी झालं, एवढंच वाईट वाटलं.

बुधवार, ६ मार्च
रेल्वेचे साहेब येऊन गेले. या महिन्यापासून मे अखेरपर्यंत दोन हजार तिकिटं खपली नाहीत तर गाडी इथं थांबणार नाही! गावच्या सात पोरी या गाडीनंच कॉलेजला जातात. जीपला रोज चाळीस कुणाचा बाप देईल?

रविवार, १७ मार्च
धनश्री दारोदार फिरतेय. आज रतनबाईकडे गेली, मीही सोबत. रतनबाईच्या म्हशी आहेत, रोज खवा घेऊन जीपनं परळीला जाते.
"मावशी, धा रुपयांत जाता येतंय तर चाळीस कावून देता?"
"जीप दारातून नेती. तुझी गाडी येती का दारात?"
"गाडी न्हाई, मी येते. टोपलं मी उचलते."
रतनबाई हसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "अन् देवाला जाणाराला तिकीट लागत न्हाई व्हय?"
मी पदर सारखा केला. धनश्री टोपलं उचलून बघू लागली.

सोमवार, १८ मार्च
पोरगी खरंच टोपलं डोक्यावर घेऊन आली! मागं रतनबाई, मोकळ्या हातानं, राणीसारखी.

शुक्रवार, १२ एप्रिल
धनश्री फळ्यावर रोज आकडा लिहिते. आज ७१०. आमचे हे तिला म्हणाले, "लई कमी हाय. वर्गणी काढू, तूच फाड दोन-चारशे तिकिटं. कोण बघतंय?"
"चढलेल्या माणसाचंच फाडणार, काका."
केवढीशी पोर! ऐकून आरतीला उभं राहिल्यासारखं वाटलं.

सोमवार, १५ एप्रिल
ताप. परळी चुकली.

रविवार, २१ एप्रिल
गावातल्या तानाजीचं वऱ्हाड धनश्रीनं रेल्वेनं नेलं — एकशे बारा माणसं! नवरदेवालाही तिकीट. वरून तिचाच दम, "मुहूर्त टळला तर भटजी बघतील, गाडी थांबणार न्हाई."

शुक्रवार, ३१ मे
फळ्यावर २००७! गाडी राहिली. पोरींनी इंजिनाला हार घातला. मला रडूच आलं. सोमवारी धनश्रीला पेढे नेणार.

सोमवार, ३ जून
पेढे द्यायला खिडकीच्या आत गेले. तिथल्या पत्र्याच्या डब्यात रबर लावलेली तिकिटं, वर चिठ्ठी — 'काकू'. बारा. प्रत्येकावर सोमवारचा शिक्का.
धनश्री ओशाळली. "तुमी चढत होता ना, काकू. तीस होते तवा मला परवडत नव्हतं. धा झाल्यापासून फाडते."
दोन हजार सातातून बारा गेले तर एक हजार नऊशे पंच्याण्णव.
तीन महिने पेटीत टाकलं ते वैजनाथाला पोचलं असेल. धनश्रीच्या नावानं.