राजारामभाऊंची एकमताने फेरनिवड

घाटकोपर, टेकडीवरची चाळ
बुधवार, जून १९८५

आदरणीय लवूमामा यांस,

भाचा सहदेव याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं सध्या दुसऱ्या कशाच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. का, ते पुढे कळेलच.) तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल. मी पाठवलेलं तेल मामीने भाजीत घातलं नाही ना, तेवढं आधी बघा. भाताचा तरवा पेरून झाला असेल, म्हैसही व्याली असेल. आम्ही इकडे सगळी खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण खुशाल कोणी नाही. आमच्या कुंदाला सर्दी आहे, तुमची सून रविवारपासून माझ्याशी बोलत नाही, आणि मी असा काही तोंडावर पडलोय की दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच कळवलेलं बरं.

गिरण्या बंद पडल्यावर आमच्यातल्या कोणी वड्याची गाडी टाकली, कोणी वॉचमन झाला, मी विक्रोळीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो. राजारामभाऊ घोगळ्यांनी पक्ष काढला. उपनगर लोकहित पक्ष! पक्षाला अध्यक्ष होता (तेच), घोषणा होत्या, रबरी शिक्का होता, फक्त बसायला जागा नव्हती. ती मी दिली. हौस दांडगी ना माझी! आमच्या घराला लागून वेगळ्या दाराची जी पुढची खोली आहे, ती तुमच्या सुनेने स्वतःच्या पाटल्या मोडून कुंदाच्या अभ्यासासाठी बांधून घेतली होती. भाऊ म्हणाले, चार महिन्यांपुरती दे. तीन वर्षं झाली मामा! आता तिथे पक्षाचा फलक आहे, घडीच्या खुर्च्या आहेत, आणि कधीही डोकावा, कोणीतरी कार्यकर्ता पालथा पडून घोरत असतो. चहा अर्थातच आमच्या स्टोव्हवरचा. कुंदा येत्या मार्चमध्ये दहावीला बसणार, आणि पोरगी स्टोव्हशेजारी कानात बोटं घालून इतिहास पाठ करते, कारण भिंतीपलीकडे राजारामभाऊ तो घडवत असतात.

तर ह्या पक्षाने यंदा महापालिकेची निवडणूक लढवली. निशाणी मिळाली शिडी. भाऊंनी रंगाऱ्याकडून खरी शिडी मागून आणली आणि प्रचारफेरीत पुढे धरायला लावली. आमच्या टेकडीवरच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्यात. शिडी प्रत्येक वळणावर अडकायची, बायकांच्या वाळत घातलेल्या साड्या घेऊन पुढे जायची, आणि मग मागून भाऊ हात जोडून त्याच बायकांकडे मत मागायचे. निकाल काय लागणार? शेवटच्या दिवशी आपल्याकडे वडा-उसळ खायला जेवढी माणसं आली, त्याच्या निम्मीसुद्धा मतपेटीत उतरली नाहीत. झाडून सगळ्या उमेदवारांची अनामत गेली. भाऊंच्या स्वतःच्या चाळीने त्यांना असं पाडलं की मतमोजणीला आलेला कारकूनसुद्धा वर मान करून बघायला लागला, हा कोण म्हणून.

दुसऱ्या एखाद्याने चार दिवस तोंड दाखवलं नसतं. भाऊंनी मिरवणूक काढली! का, तर गुलाल आधीच आणून ठेवलेला. वाया कशाला घालवायचा, हा आपला नैतिक विजय आहे, म्हणाले. बाजारातले दुकानदार विचारत होते, कोण आलं निवडून? आणि मी कपाळाला गुलाल फासून, हातात शिडीचं टोक धरून, कोणीच नाही म्हणून सांगत होतो. लाज वाटली मामा, खरंच सांगतो. मग आत्मपरीक्षणाची बैठक झाली. मला वाटलं, आता तरी माणूस दोन शब्द कबूल करेल. त्यांनी आत्मपरीक्षण केलं ते आमचं! मतदार अडाणी, निशाणी बारीक छापली, कार्यकर्ते झोपाळू, आणि सहदेवच्या घरचा चहा पातळ. हे शेवटचं तुमच्या सुनेने भिंतीआडून ऐकलं.

त्यात अध्यक्षपदाची मुदत संपली. नव्या अध्यक्षासाठी रविवारी गणपती मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा ठरली, आणि भाऊ पुन्हा उभे! एवढा मार खाऊनही ज्याला खुर्ची सुटत नाही त्याला म्हणायचं तरी काय? सगळेच वैतागले होते. घरोघर जाऊन विचारलं, तर जो तो म्हणे, सहदेव, तूच उभा राहा रे, आम्ही आहोत. मी उभा राहिलो. अध्यक्ष झालो की पहिला ठराव कार्यालय हलवायचा, हे मी तुमच्या सुनेला देवासमोर कबूल केलं. भाषण लिहून खिशात ठेवलं. (भाषण झकास होतं. परवा पुन्हा वाचलं.) मतदान झालं असतं तर भाऊंना त्यांचं स्वतःचं धरून फार तर पाच-सहा मतं पडली असती.

पण माणूस बिलंदर. सभा सुरू होताच उठून म्हणाले, शुभकार्य आहे, आधी नारळ ठेवूया. नको कोण म्हणणार? बाजूला काशीरामदादा बसलेलेच होते. टेकडीवर कोणी नवी खोली घेतली, कोणाचं लग्न ठरलं, की गाऱ्हाणं घालायला हेच म्हातारे. त्यांनी पाट मांडला, नारळ ठेवला, विडा ठेवला, डोळे मिटले, आणि सुरू झाले. बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा हंय घाटकोपराक जमली हत, इलेक्शनात जा काय झाला ता पोटात घाल रे म्हाराजा! आम्ही सगळे उभे, हात जोडलेले, दर मागण्याला एका सुरात ओरडत होतो, व्हय म्हाराजा! ह्या तुझा लेकरू राजाराम, तेका ज्या खुर्चेर बसयलंस, थयच आणखी तीन वर्सा सुखान रवांदे रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! आणि जो कोण आडवो येयत तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा! व्हय म्हाराजा!

मामा, सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझी काय चूक? जन्मापासून देवळात तुमच्या शेजारी उभं राहून हेच केलं. पुढचा काय मागतो ते आपण कधी ऐकतो का? त्याने सूर ओढला की आपलं तोंड उघडतं. सगळ्या शेडचं उघडलं. भान आलं तेव्हा भाऊ डोळे पुसत हात जोडून उभे, देवासमोर शब्द दिलात, आता मतं मोजून देवाचा अपमान करू नका म्हणत होते. साताऱ्याकडचे एक सभासद आहेत, त्यांना ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी मतदान कधी म्हणून विचारलं, तर आपल्याच माणसांनी त्यांना दटावून खाली बसवलं. देवाच्या शब्दाबाहेर जाऊन हात वर कोण करणार? उद्या पोराला ताप आला तर? मग भाऊ म्हणाले, अनुमोदन आमचा सहदेव देईल. आणि दिलं मी. वाट लागली, दुसरं काय! निवड एकमताने झाली, सर्व सभासदांनी देवाच्या साक्षीने होकार दिला, असं इतिवृत्तात लिहून झालं, आणि सगळी मंडळी चहाला आमच्याकडे आली.

असल्या माणसाबद्दल मला आता काडीचाही आदर उरलेला नाही. मामीला नमस्कार, रेडकाला माझ्याकडून थोपटा, आणि गुडघा सांभाळा.

तुमचा, सुबुद्धी मिळालेला भाचा,
सहदेव

ता. क. भाऊंनी मला उपाध्यक्ष केलं आहे. मी नाहीच म्हणणार होतो, पण खोली गेलीच आहे तर निदान पद तरी असावं. यापुढे पाकिटावर नावामागे तसं लिहिलंत तर पोस्टमनला बरं पडेल.

ता. क. २. पत्र लिहायला घेतलं ते खरं म्हणजे यासाठी. येत्या रविवारी फेरनिवडीबद्दल भाऊंचा सत्कार आहे, आणि कोकणातून आलेले पाठिंब्याचे संदेश मी वाचून दाखवणार आहे. अजून एकही आलेला नाही. तुम्ही गावातर्फे चार ओळी पाठवा. "पराभवातही न डगमगणारं नेतृत्व" एवढे शब्द यायलाच हवेत, बाकी तुमच्या मनाने लिहा.

मामांना त्यांच्या सुनेचा, रत्नप्रभेचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं हे खोटं आहे. बायकांच्या रांगेत मी होते आणि मी म्हटलं नाही. ऐकत होते ना मी, काय मागतायत ते. कोणाला ताप आलेला नाही, कुंदाची सर्दीसुद्धा गेली. हे आज कामावर गेल्यावर मी आणि कुंदाने खुर्च्या, फलक आणि तो झोपलेला कार्यकर्ता, सगळं राजारामभाऊंच्या दारात पोचवलं. कुंदा आत्ता पुढच्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसली आहे. ह्यांना संध्याकाळी घरी आल्यावर कळेल. तुम्ही चार ओळी पाठवणारच असाल, तर माझ्या नावाने पाठवा.