नलूकडच्या मंडळींनी घर पाहिलं

यवतमाळ,
गुरुवार, १९ जानेवारी २००६

तीर्थरूप मामांना ममताचा सविनय जयभीम. मामींनाही सांगावा.

तुमचा गुडघा आता बरा असेल असं लिहिणार होते, पण मला ते माहीत नाही, म्हणून नुसतं विचारते: बरा आहे का? (माहीत नसलेलं लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. खाणीतल्या जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठीवर तुम्ही मला गिरवायला दिलेलं पहिलं वाक्य 'आज भाजी खारट झाली आहे' हे होतं, आणि ती खरोखरच झाली होती. मामी दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नव्हत्या.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या शेजारच्यांचा फोन अख्खी राजूर कॉलनी ऐकते.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, शिशुगृहात तुझं नेमकं काम काय? मामा, मलाही अजून पुरतं कळलेलं नाही. आमच्या अधीक्षिका विमलताई म्हणतात, परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलाला आईबापांसाठी तयार करायचं आणि आईबापांना मुलासाठी, एवढंच. त्यातलं 'एवढंच' किती मोठं आहे ते नलूमुळे समजलं. नलू पाच वर्षांची. मागच्या वर्षी आपल्याकडच्याच एका जोडप्यानं तिला नेलं आणि एकोणिसाव्या दिवशी पिशवीसह आणून सोडलं. 'रुळत नाही' म्हणाले. पिशवीतले फ्रॉक इस्त्री केलेले होते, ते पाहून मला जास्तच राग आला. तेव्हापासून नलू येईल त्या पाहुण्याला एकच विचारते, "किती दिवसासाठी?" आता स्वीडनहून लार्स आणि बिर्गिट आले आहेत. दिल्लीची परवानगी आली, कोर्टाचा हुकूम झाला, मंगळवारी निघायचं आहे. कागदाप्रमाणे नलूचं 'हो' लागत नाही. पण लार्स म्हणाले, रडणारं मूल उचलून आम्ही विमानात चढणार नाही, तिकिटं बदलू. म्हणजे सगळं नलूवर, आणि नलूला तयार करायचं काम माझ्यावर.

तिकडे मूल दत्तक घ्यायचं तर आधी पालकांच्या वर्गाला बसावं लागतं. मग एक सरकारी बाई घरी येऊन कपाटं उघडून पाहते. मग वाट पाहायची. या दोघांनी दोन वर्षं पाहिली. (मामींना सांगू नका. पाच मुलं वाढवली, पण त्यांचं कपाट कोणी पाहिलं नाही.) शिवाय त्यांनी आम्हाला बासष्ट प्रश्न पाठवले होते. एकोणचाळिसावा असा, की मुलीला कोणते वास ओळखीचे आहेत? हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मी दोन दिवस नलूच्या मागे वास घेत फिरले आणि लिहिलं: फिनेल, भिजलेली मटकी, आमच्या आयाबाई मानीबाईंचा तंबाखूचा बटवा. विमलताई म्हणाल्या, मोगरा लिही, बरं दिसेल. पण आमच्याकडे मोगरा नाही.

याचा परिणाम असा झाला, की बिर्गिटबाईंनी आल्याबरोबर मानीबाईंचं एक न धुतलेलं लुगडं मागितलं, तिकडे नलूच्या उशाशी ठेवायला. मानीबाई म्हणाल्या, "पाव्हन्याले मळका कपडा देऊ? मले काय समजून राह्यले बाप्पा?" आणि लुगडं धुऊन, खळ घालून दिलं. बिर्गिटबाईंनी परत मागितलं. मानीबाईंनी दुसरं धुतलं. आजवर तीन धुतलेली लुगडी पाहुण्यांच्या बॅगेत गेली आहेत आणि मानीबाईंकडे अंगावरचं एकच उरलं आहे.

पण मी पुढचं आधी सांगते आहे. त्यांना आणायला मी बसस्टँडवर पाटी घेऊन उभी होते. पाटीवर दोघांची पूर्ण नावं, सुवाच्य अक्षरात. मराठीत. (हे माझ्या लक्षात यायला दीड तास लागला.) हल्ली यवतमाळात गोरा माणूस उतरला की तो कापसाची चौकशी करायलाच आला, असं सगळे धरून चालतात. ऑटोवाल्या जहीरभाईंनी काही न विचारता दोघांना थेट कापूस संकलन केंद्रावर नेलं. तिथे लोकांनी त्यांना बैलगाडीवर बसवून मोडक्यातोडक्या इंग्रजीत तीन तास भाव, ओलावा, प्रतवारी आणि बोंडअळी समजावली. त्यांनी सगळं वहीत उतरवलं. त्यांना वाटलं, हीच इथल्या पालकांच्या वर्गाची पहिली पायरी असणार. शेवटी आमच्याकडे पोचल्यावर लार्सनी मला गंभीरपणे विचारलं, हे पाठ करायचं आहे का?

दुसऱ्या दिवशी नलूची आणि त्यांची भेट. मी पुस्तकं वाचून ठरवलं होतं, की खोलीत फक्त चौघं, हलकी खेळणी, मोठा आवाज नको. खोलीत जाऊन पाहते तो सतरंजी अंथरलेली, पाहुणे खुर्च्यांवर, आणि डोक्यावर दोन रिबिनी बांधलेली नलू पोह्यांचं ताट घेऊन उभी. सगळ्या आया भिंतीला टेकून बसलेल्या. मी मानीबाईंना बाजूला घेऊन विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "मांगच्या बारीले आपन कोनी काई इचारलं नाई, म्हनून पोट्टी वापस आली. पोरगी द्याची त इचारा लागते. कोर्टानं इचारलं असन, मी नाई इचारलं."

मामा, मी पुस्तकातलं सगळं बाजूला ठेवलं. मी निमूटपणे दुभाषी झाले. स्वैपाक कोन करते? दोघंही. दारू? सणाला. राग कोनाले येते? लार्स म्हणाले, मला येत नाही. बिर्गिटबाई खोकल्या. मानीबाईंनी तो खोकला पाहिला आणि प्रश्न परत विचारायला लावला. मग लार्सनी कबूल केलं, की रागावल्यावर ते दोन दिवस बोलत नाहीत. मानीबाई एकदम खूश झाल्या. "दोन दिवस चालते. मारत नाई ना, मंग चालते." शेवटी बिर्गिटबाईंनी विचारलं, आम्ही काही विचारू का? मानीबाई म्हणाल्या, "तुमी काय इचारता? पोट्टी त समोरच हाय."

बिर्गिटबाई कॅसेटवरून मराठी शिकून आल्या होत्या. त्या नलूला म्हणाल्या, "आपण कशा आहात?" इतक्या आदरानं तिच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. नलूनं मागे वळून पाहिलं, की कोण मोठी बाई आली. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी तो इंग्रजीत सांगितला. लार्स म्हणाले, नेहमीसाठी. नलू म्हणाली, "थे बी असंच म्हनत होते." आणि पुढे म्हणाली, "आपले लोक घर पाह्याले कवा जातीन?"

मुलगी पाहून झाली, की मुलीकडची मंडळी मुलाचं घर पाहायला जातात, हे तिनं आयांच्या गप्पांतून उचललं होतं. मी फोटोंचा अल्बम काढला. नलू म्हणाली, "फोटोत त कोनीबी हासते." मग मी त्या सरकारी बाईचा चाळीस पानी अहवाल काढला आणि सांगितलं, या बाईंनी घर पाहिलं आहे. "थे बाई आपली हाय काय?" आपली नव्हती.

लार्स सुतार आहेत. त्यांनी शेजारच्या शाळेतून कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की मागवली, खिशातला टेप काढला आणि आमच्या अंगणात स्वतःचं घर खऱ्या मापानं आखलं. अंगण कमी पडलं. न्हाणीघर लिंबाखाली आलं आणि कुत्र्याची जागा फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. मग नलूकडची मंडळी घर पाहायला निघाली. मानीबाईंनी आखलेल्या दाराशी चपला काढल्या. विमलताई भिंतीच्या रेघेवरून सरळ चालत आल्या तर नलू ओरडली, "भीत हाय थे!" आणि विमलताई, ज्यांना कलेक्टरही दबतात, मागे फिरून दारातून आल्या. मानीबाईंना संडास घरात असणं पसंत पडलं नाही. मिरच्या वाळवायला जागा नाही, हेही त्यांनी नोंदवलं. कुत्रा सोफ्यावर बसतो याचं मी भाषांतर केलं नाही. (नंतर राहवलं नाही, सांगून टाकलं.)

नलू स्वतःच्या खोलीत पांढऱ्या रेघांच्या पलंगावर आडवी झाली. मग उठून म्हणाली, "माही पिशवी कुठं?" लार्सनी तिच्या खोलीत एक कपाट आखलं. नलूनं मान हलवली आणि बाहेरच्या दाराजवळ बोट दाखवलं. पिशवी तिथे पाहिजे. मी ते इंग्रजीत सांगितलं. बिर्गिटबाईंनी फक्कीचं डबडं घेतलं आणि दाराजवळ एक छोटा चौकोन काढला. म्हणाल्या, हवे तितके दिवस इथेच राहू दे. नलूनं चौकोनात उभं राहून पाहिलं. मापाचा होता.

तर घर पसंत पडलं. काळजीचं काही नाही. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
ममता

ता. क. : 'काळजीचं काही नाही' हे खरं नाही. घर पसंत पडल्यावर नलूनं मानीबाईंना विचारलं, "नाई रुळली त मले घ्याले कोन येईन?" मानीबाई म्हणाल्या, "पोरीले आनाले मामा जाते." आता नलू म्हणते, आधी मामा दाखवा, मग जाते. आमच्याकडे मामा नाही. सगळ्या आया माझ्याकडे पाहायला लागल्या आणि मी तुमचं नाव सांगून बसले. सोमवारच्या पहिल्या गाडीनं या. गुडघ्याचं मी सुरुवातीला विचारलं ते यासाठीही होतं.

ता. क. दुसरा : कागदावर नलूला कोणीही नातेवाईक नाही, आणि तसंच राहायला हवं, नाहीतर कोर्टाचं सगळं परत पहिल्यापासून. तेव्हा विमलताईंसमोर तुम्ही माझे मामा, अंगणात तिचे. तिला पत्रं तुम्हीच लिहायची. हेही मी परस्पर कबूल केलं आहे.

ता. क. तिसरा : रस्ता माहीत आहे का, असं ती तुम्हाला नक्की विचारेल. सोबत स्वीडनचा नकाशा जोडला आहे, त्यांच्या गावाखाली शाईनं रेघ मारली आहे. गाडीत बसल्यावर नीट पाहून घ्या, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही.