दोन ठोके, मग एक

सोमवार
मला रोजनिशीची हौस नाही. पण यूपीएस अवेळी वाजतो. तो केव्हा आणि कसा वाजतो ते लिहून ठेवा, त्याशिवाय मी येणार नाही, असं मेकॅनिकने फोनवर बजावलं. म्हणून ही वही.

नवी बाई मिळेपर्यंत बाबांजवळ राहशील का मावशी, असं भाचीने विचारलं आणि आज सकाळी मी इथे आले. घर झकास आहे. मोठ्या खिडक्या, खेळती हवा. पडदे तेवढे कळकट होते, ते आल्या आल्या भिजत घातले. मेहुणे खुशीत. ताई आल्या, आता धूळसुद्धा परवानगी काढून बसेल, म्हणाले. हसले आणि खोकत राहिले.

त्यांना आता ऑक्सिजनचं मशीन लागतं. माझ्या धाकट्या बहिणीचंच ते. खोली तिची, पलंगही तिचाच. वीज गेली की पलंगाखालचा यूपीएस मशीन चालवतो. गेल्या वर्षी दुपारी वीज गेली, बॅटरीने दगा दिला आणि धाकटी गेली. मेहुण्यांनी तेव्हा सगळ्यांना असंच सांगितलं.

मंगळवार
वीज असताना वाजला. एरवी वीज गेल्यावर तो थांबून थांबून एकेकदा वाजतो आणि बॅटरी संपत आली की सलग. आज दोनदा वाजला, थांबला, मग एकदा. प्लग घट्ट बसवला, बॅटरीची टोकं पुसली, मागची जाळी झटकली. पुन्हा तेच. मेहुणे म्हणाले, बंदच करून टाका ना तो. मी म्हटलं, आणि वीज गेली की हवा काय फुंकणीने घालू?

बुधवार
दिवसभर तेच. दोन, मग एक. लहानपणी आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो. धाकटी घाबरली की पलंगाच्या लाकडावर ठोके द्यायची. दोन, मग एक. ताई, इकडे ये.

हे मेकॅनिकला सांगण्यासारखं नाही. पण लिहिलं.

गुरुवार
मेकॅनिक आला. वही वाचून म्हणाला, मॅडम, हा यूपीएस आहे की तबला? बॅटरी ठणठणीत निघाली. गेल्या वर्षी त्या प्रसंगानंतरही साहेबांनी त्यालाच बोलावलं होतं. तेव्हाही बॅटरी काठोकाठ भरलेली होती, फक्त यूपीएस बंद होता. बटण नुसतं दाबलं तर आवाज गप्प होतो; दाबून धरलं तर यूपीएसच बंद पडतो. लोक वैतागून दाबून धरतात आणि मग मला शिव्या घालतात, म्हणाला.

मी हसले नाही. त्याने बॅटरी दुकानात नेली, तिथे लोड देऊन बघणार आहे. तोवर वीज गेली तर म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर मागवून कोपऱ्यात ठेवला. तो उघडायची चावी मी माझ्याजवळ ठेवली.

शुक्रवार
आत बॅटरी नाही. तरी वाजतोय.

मेहुणे पांढरेफटक पडले. मी सरळ विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. त्या दुपारी ते शेजारच्या खोलीत झोपले होते. आवाजाने डोकं उठलं. आले, बटण दाबून धरलं, आवाज थांबला तसे परत जाऊन पडले. मग पलंगावरचे ठोके ऐकू आले. वाटलं, हिचं नेहमीचंच. कूस बदलली.

कूस बदलली.

भाचीला फोन लावला. उचलायच्या आत मीच कापला.

शनिवार
दुपार. वीज गेली. मशीन थांबलं. मेहुणे हाका मारतायत. ताई, सिलिंडर — ताई —

चावी माझ्या मुठीत आहे. मी बाहेरच्या खोलीत, उघड्या दारासमोर, खुर्चीवर.

यूपीएस वाजतोय. दोन, मग एक. ते बटण दाबतायत — दाबून धरलंय — गप्प बसत नाही तो —

आता मेहुणेच पलंग ठोकतायत. मी ऐकतेय. सगळे ठोके ऐकतेय. निदान मी कूस नाही बदल —

शांत.

सुपूर्द केल्याची नोंद. बॅटरी, मेकॅनिककडे. चावी, भाची आली की तिच्याकडे. मेहुणे, धाकटीकडे. पोच मिळाली: दोन ठोके, मग एक.

धाकटे, झालं ना तुझ्या मनासारखं? मग आता का ठोकतेस? आवाज पलंगावरून नाही येत. इथून — माझ्या खुर्चीच्या पाठी —