प्रश्न क्रमांक चौदाचे उत्तर दुरुस्त करणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
राजकीय सहभाग व मतप्रभाव पाहणी कक्ष,
नाशिक.

अर्जदार : सुलाबाई मल्हारी पगारे, वय ६१, सातपूर.

विषय : मयत पतीच्या नावावर मी चुकीचे दिलेले उत्तर दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : पतीची नोंद वगळत असल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. आपल्या कार्यालयाच्या हर्षाली मॅडम टॅब घेऊन आल्या तेव्हा पाहणीसाठी माझ्या पतीचे नाव निघाले होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा दोन वर्षांपूर्वीच गेली होती, म्हणून उत्तरे मी दिली. चौदावा प्रश्न होता, "गेल्या सहा महिन्यांत निवडणुकीबाबत तुमचे मत कोणी विचारले का?" मी हसून म्हणाले, "यांना आता कोण विचारतंय?" मॅडमनी 'कधीच नाही' दाबले.

२. तेवढ्यात पती खाटेची कड बोटाने वाजवू लागले. काही हवे असले की ते असेच करत. मी पाणी पाजले. ते प्यायले आणि पुन्हा वाजवू लागले. मी त्यांचा हात धरून पांघरुणात घातला. पंधरा दिवसांनी ते गेले.

३. जलदान विधीच्या दिवशी गल्लीतला नवनाथ माझ्याजवळ बसून रडला. तो कारखान्यात पाळीवर जातो. म्हणाला, "मामी, तुम्ही शाळेत खिचडी शिजवायला गेल्या की आम्ही चौघं यायचो. मामांना पेपर वाचून दाखवायचो. एकेक उमेदवाराचं नाव घ्यायचो, पटलं की मामा खाट वाजवायचे. ज्या नावाला वाजवलं, आम्ही मत त्यालाच दिलं. तुम्हाला सांगू नका म्हणून खुणवायचे." कारण रक्तदाब वाढतो म्हणून घरातला पेपर मीच बंद केला होता. ज्या माणसाने पंचवीस वर्षे कामगारांचे अर्ज लिहिले, त्याला मी भिंतीकडे तोंड करून निजवत होते. भल्यासाठीच करत होते, साहेब.

४. मयताची नोंद ठेवता येत नाही, असे आपण कळवले. मयताला मत नसते हे मान्य. पण हे उत्तर त्यांनी हयातीत, मॅडमसमोर दिले होते. ऐकणारी मी चुकले. खाट वाजवण्यासाठी टॅबमध्ये रकाना नसेल तर 'इतर' मध्ये लिहावे. चूक कोणाची, असा रकाना असेल तर तिथे माझे नाव घालावे.

५. अर्जात मागणी शेवटी आणि एकच असावी, हे मला त्यांनीच शिकवले. तरी नोंद न वगळता प्रश्न चौदापुढे 'वारंवार' लिहावे व तसे लेखी कळवावे. ते पत्र मी त्यांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचणार आहे.

आपली नम्र, उत्तर चुकलेली,
सुलाबाई मल्हारी पगारे
सातपूर, दि. ११ मार्च

सोबत :
१. मृत्यूचा दाखला, प्रत.
२. नवनाथ व इतर तिघांचे सह्यांचे निवेदन.
३. खाटेच्या कडेचा फोटो. बोटाखालचा रंग उडाला आहे. खाट मी रोज पुसत होते.