तो संगणक भंगारात जाणार नाही, जावईबापू

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
सोमवार, दि. ९ डिसेंबर

श्री. प्रितमराव यांस,
ममता सीताराम तांबे हिचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुमची ॲसिडिटी कशी आहे? आमच्या निशाची कंबर अजून धरते का? विहीणबाई केसरबाईंच्या गुडघ्याला तेल लावताय ना? त्यांना माझा जयभीम सांगा आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवा (पुढे तुमच्याविषयी जे लिहिलंय ते तुमच्या आईच्या कानावर गेलेलं बरं). जावई म्हणून तुमचा मान मोठा आहे आणि तो मी शेवटच्या ओळीपर्यंत राखणार आहे. पण मान राखणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

मागच्या सोमवारी तुमचा मेसेज आला. 'आई, विंडोज एक्सपी आता कोणी वापरत नाही. सेफ नाहीये ते. मशीन भंगारात द्या.' खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. उत्तर फोनवर देता आलं असतं. पण फोनवर तुम्ही 'हो आई, हो आई' म्हणता आणि तिकडे लॅपटॉपवर ऑफिसचं काम चालू ठेवता. मी फोर्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं टायपिंग केलंय, प्रितमराव. बोटं कीबोर्डवर असली की मला फोनमधून कळतं. म्हणून हे पत्र, आणि तेही हातानं, कारण आमच्या प्रिंटरची शाई आता बाजारात मिळत नाही. (यावरून तुम्ही हसला असाल. हसून घ्या. पुढे संधी नाही.)

तर उत्तर असं, की देणार नाही.

आधी तुमच्या 'सेफ'चं बघू. आमच्या संगणकाला इंटरनेटची वायरच नाही. चार वर्षांपूर्वी मी ती स्वतःच्या हातानं उपटली. आता व्हायरस येणार कुठून, जिन्यानं चालत चौथ्या मजल्यावर? राहता राहिला पेनड्राइव्ह. तो लावताना डावीकडचं शिफ्टचं बटण दाबून धरायचं, म्हणजे आत काही दडून बसलेलं असेल तर ते आपणहून उठत नाही. मग राइट क्लिक करून आधी तपासायचं, आणि त्यानंतरच उघडायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या फाइलींची एक प्रत सीडीवर घ्यायची, दुसरी पेनड्राइव्हवर, आणि सीडी कपाटात साड्यांच्या मध्ये ठेवायची (उन्हात ठेवली की मरते). चालू व्हायला त्याला सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात माझा भात कुकरला लागतो. तुमचा लॅपटॉप सहा सेकंदांत चालू होतो, आणि भात बाहेरून मागवता तुम्ही दोघं. तुम्ही इंजिनियर आहात, तरी हे लिहून ठेवा. हिंजवडीत असलं कोणी शिकवत नसणार.

आता मूळ गोष्ट. आमच्या सोसायटीत बी विंगच्या तळमजल्यावर जी खोली आहे ती तुम्ही लग्नाच्या वेळी पाहिलीत (तुमच्या मामांचे बूट तिथेच हरवले होते). ती आमची अभ्यासिका. संध्याकाळी पाचपासून तिथे पोरं-पोरी बसतात. घरात एक खोली, त्यात आजारी आजोबा, त्यात टीव्ही, अशा घरांतली ही मुलं जाणार कुठे? तिसऱ्या मजल्यावरची शुभदा तिथे बसूनच नर्सिंगची परीक्षा पास झाली आणि आज इस्पितळात सिस्टर आहे. तर गेल्या महिन्यात बोर्डावर नोटीस लागली, की सदर खोली विनावापर पडून असल्याने व्यायामशाळेसाठी भाड्याने देण्यात येईल. व्यायामशाळा कोणाची? तर सेक्रेटरींच्या मेहुण्याची. सेक्रेटरींचं नाव हरिश्चंद्र वाडेकर. (आईबापांनी नाव मोठ्या आशेनं ठेवलं असणार.)

मी सरळ त्यांच्या दारात गेले. म्हटलं, वाडेकर, ती खोली अभ्यासिकेसाठीच राखायची असा सोसायटीचा ठराव आहे. ते चहा पीत होते. म्हणाले, "असेल ताई, मला काही आठवत नाही. ठराव दाखवा, आपण लगेच नोटीस काढून टाकू." त्यांना पक्कं ठाऊक होतं की दाखवता येणार नाही. ठरावांचं जुनं रजिस्टर सात वर्षांपूर्वी गच्चीवरची टाकी गळली तेव्हा भिजून त्याचा लगदा झाला होता. पण एक गोष्ट ते विसरले. सोसायटीचं टायपिंग तेव्हा माझ्याकडे असायचं, आणि त्या रजिस्टरातलं अक्षर न् अक्षर आधी मी टाइप केलेलं होतं. घरी आले, संगणक लावला, आणि भात होईपर्यंत फाइल सापडली. वार्षिक सभा, १३ सप्टेंबर २००९, ठराव क्रमांक सात.

पेनड्राइव्हवर घेऊन मी ती वाडेकरांच्या लॅपटॉपवर उघडायला दिली आणि तिथे घात झाला. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. डोक्यावर टोप्या, पायात शेपट्या अशी इंग्रजी अक्षरं ओळीनं उभी! तुम्हाला कारण कळलंच असेल, पण विहीणबाईंसाठी सांगते. त्या काळी मराठी टायपिंग म्हणजे आत इंग्रजी अक्षर आणि वरून त्याला चढवलेला मराठी अंगरखा. तो अंगरखा म्हणजे फॉन्ट. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल नेली की सगळी उघडी पडतात. (म्हणून जुनी फाइल कोणाला देताना सोबत फॉन्टही द्यावा.) मी दिला हो! पण त्यांचा लॅपटॉप कंपनीचा, त्यावर काही बसवायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो त्यांच्या साहेबांकडे. वाडेकरांनी शेजारच्यांना बोलावून पडदा दाखवला. "बघा, ताईंचा ठराव. कुठली भाषा आहे हो ही?" सगळे हसले. मग मी आमच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यावर त्यांनी लिहिलं, आजकाल एआय काहीही बनवून देतं. मी कीबोर्डची धूळ झटकून झटकून म्हातारी झाले, आणि म्हणे एआय.

काल रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा होती. मी ठरवलं, की तिथे फाइल नाही, फोटो नाही, अख्खा संगणकच न्यायचा.

आमचा पडदा सपाट नाही, त्याला मागे पोट आहे. निशाच्या बाबांनी तो पोटाशी धरून चार मजले उतरवला. (लग्नानंतर त्यांनी इतक्या जपून मलाही कधी कुठे नेलेलं नाही.) मी संगणकाचा डबा (सीपीयू) घेतला. डी विंगपासून बी विंगपर्यंत न्यायला जितेशभाईंच्या किराणा दुकानाची पोत्यांची हातगाडी मागितली. त्यांनी गाडी दिली, पडद्याकडे हळहळून पाहिलं आणि म्हणाले, "अरे बेन, इतना पुराना टीवी सुबह सुबह किधर? भंगारवाला तो बुधवार को आता है." म्हटलं, जितेशभाई, भंगार आज मीटिंग में बैठा है, देखने आओ. ते गल्ल्यावर भावाला बसवून खरंच आले.

खोलीत चाळीस-पंचेचाळीस माणसं. टेबलावर सगळं मांडलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पडदा काळा, आणि आतून लांबच लांब बीप, बीप, बीप. मागच्या रांगेत कोणी तरी खुदकलं. वाडेकर घड्याळाकडे बघून म्हणाले, "चला, पुढचा विषय घेऊया." मी म्हटलं, पुढचा विषय या विषयावरून जाईल, बसा खाली. असा बीप म्हणजे आतली रॅमची पट्टी ढिली झालेली असते (हातगाडीचे धक्के). स्विच बंद करायचा, वायर काढायची, खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज घालवायची आणि मगच आत हात घालायचा. मी पट्टी काढली आणि खोडरबर मागितलं. अभ्यासिकाच ती. सात खोडरबरं पुढे आली. पट्टीचे पिवळे दात दोन्ही बाजूंनी हलके घासले, चुरा फुंकला, दोन्ही कडांनी टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं. एकच छोटा बीप. जितेशभाईंनी टाळी वाजवली. कशाला वाजवली ते त्यांना कळलं नसेल, पण मला बरं वाटलं.

मग पुढचं संकट. पडद्यावर आलं, एफ-वन दाबा. दाबलं. ती सहा मिनिटं मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही. अखेर पडद्यावर एक्सपीची ती हिरवी टेकडी आली, आणि कोपऱ्यात तारीख दिसली, १ जानेवारी २००२. वाडेकर उठलेच. "लोकहो, तारीख बघा! आपली बिल्डिंगच २००४ ला उभी राहिली. खोटं, सगळं खोटं!" कुजबुज सुरू झाली. निशाचे बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "ममता, राहू दे. घरी जाऊया." प्रितमराव, त्या माणसानं चार मजले तो पडदा उतरवला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर बायकोचा अपमान होतोय याचं दुःख होतं. ते बघून मी वाडेकरांकडे वळले. म्हटलं, वाडेकर, हाताला घड्याळ आहे ना? त्याचा सेल गेला तर ते चुकीची वेळ दाखवतं, पण म्हणून तुमची जन्मतारीख बदलते का? संगणकात नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला आणि वायर काढली की संगणक आजची तारीख विसरतो. फाइलीवर तेव्हा पडलेली तारीख तशीच राहते. (हा सेल घड्याळजीकडे मिळतो, तीन-चार वर्षांनी बदलावा. मी बदलला नव्हता. ही एक चूक माझी, मान्य.) घड्याळावर दोनदा क्लिक करून तारीख नीट केली आणि फाइल उघडली.

स्वच्छ मराठी. वाचायला मी शुभदाला पुढे बोलावलं. ड्युटीवरून थेट आली होती, युनिफॉर्ममध्ये. "सदर खोली रहिवाशांच्या मुलामुलींच्या अभ्यासासाठी कायम राखून ठेवण्यात यावी. सूचक, श्री. सीताराम तांबे." वाडेकर म्हणाले, टाइप काय कोणीही करेल. त्यांचंही बरोबर होतं. पण त्या वर्षी मी स्कॅनर नवा घेतला होता आणि नव्याच्या नादात दिसेल ते स्कॅन करत होते, रेशनकार्ड, लाइटबिल, निशाच्या बाबांचा पंजा, आणि सह्या झालेलं रजिस्टरचं पान. ते चित्र मला शनिवारी रात्री सापडलं होतं, पण ग्रुपवर टाकलं असतं तर तेही एआयचंच ठरलं असतं. मी ते उघडलं. खाली निळ्या शाईत, लांब शेपटीची आणि दोन टिंबांची सही होती. अनुमोदक, हरिश्चंद्र वाडेकर.

कोणी हसलं नाही. वाडेकर पुढे आले, चष्मा वर करून पडद्याच्या इतके जवळ गेले की मला वाटलं आता वास घेतात. मग म्हणाले, "माझीच आहे. अंबिकाचं दहावीचं वर्ष होतं ते." अंबिका त्यांची मुलगी, सध्या नाशिकला वकिली करते. त्या वर्षी ती याच खोलीत, याच खिडकीपाशी बसायची, आणि साडेनऊला हे तिला न्यायला यायचे. माणूस खोटं बोलत होता की खरंच विसरला होता, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी बाहेर जाऊन नोटीस स्वतः काढली. परत आले आणि पडदा उचलायला निशाच्या बाबांना हात दिला. चार मजले.

आता सांगा, देऊ भंगारात? नवीन मशीनवर ठराव होता का? नव्हता. क्लाउडमध्ये होता का? नव्हता. तो साड्यांच्या मध्ये होता आणि माझ्या एक्सपीत होता. तुम्ही म्हणता आता कोणी वापरत नाही. मी वापरतेय. माझी गणती 'कोणी'मध्ये होत नसेल तर तसं स्पष्ट कळवा.

विहीणबाईंना जयभीम, निशाला आशीर्वाद, तुम्हाला मानपूर्वक, आणि मत न बदलता,

ममता सीताराम तांबे

ता. क. कालची धावपळ सोसली म्हणायची. फक्त संध्याकाळपासून डब्याच्या आतून टक् टक् असा आवाज येतोय. हा रॅमचा नाही, आणि सेलचा तर नाहीच; हा फाइली साठवणाऱ्या हार्ड डिस्कचा. मला त्याचा अर्थ माहीत आहे, तुम्ही फोन करून सांगू नका. मी स्विच बंद करून ठेवलाय.

ता. क. २. जुन्या मराठी फाइली एकूण अकराशे चाळीस आहेत. कालचं सगळं बघून मनात आलं, की संगणक गेला, पाठोपाठ मी गेले, तर ती टोप्या घातलेली अक्षरं वाचणार कोण? त्या नवीन मराठीत बदलून कुठल्याही मशीनवर उघडतील असं करता येतं म्हणे. दोन दिवस सुट्टी काढून या. ही शरणागती समजू नये. सोसायटीत कोणी विचारलं तर सासूबाईंना बघायला आलोय म्हणा. मी खोकेन.

ता. क. ३. लॅपटॉप आणलात तर त्याच्या बॅगेतून आणू नका, लोक ओळखतात. कापडी पिशवीत घाला, आणि वर मेथीची जुडी ठेवा.