दुकानाची व्यवस्था, खोडाखोडीसह

मी, खाली सही करणारी, जिला अख्खी गल्ली मोटरवाल्या काकू म्हणून ओळखते, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांच्या दवाखान्यातला पंखा मीच दुरुस्त केलेला असल्यामुळे त्यांनी दाखला जपून लिहिला असावा. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला कोणी पुढे येईल असे मला वाटतही नाही.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व गच्चीसह, माझ्या एकुलत्या एका मुलास. दारावरची घंटा अडकते. ती त्याने स्वतः दुरुस्त करावी, बायकोला सांगू नये.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक मुलास व सुनेस निम्मी निम्मी. सुनेचा हिस्सा तिच्या एकटीच्या खात्यात जमा व्हावा.

कलम तीन. यजमानांचा दाढीचा वस्तरा माझ्या धाकट्या दिरांस. याचे कारण लिहिणे भाग आहे. लहानपणी मी ओल्या हाताने इस्त्री धरली आणि भिंतीवर जाऊन आदळले. तेव्हापासून विजेच्या बटणाला मी हात लावत नसे. आणि लग्न कोणाशी झाले, तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानदाराशी. घरातला दिवासुद्धा मी लाकडी लाटण्याने बटण दाबून लावत असे. पुढे यजमानांची नजर अधू झाली. जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरायची, तर त्यांना आतल्या खाचा दिसेनात. गिऱ्हाइके परत जाऊ लागली. तेव्हा मी म्हटले, मी बसते. यावर दिरांनी भर दुकानात सांगितले, "वहिनींनी भरलेली मोटर फिरली, तर मी मिशी उतरवीन." ती मोटर सुताराच्या करवतीवर आजही फिरते आहे. मिशीही जागच्या जागी आहे. वस्तऱ्याला धार लावून ठेवली आहे.

कलम चार. तार गुंडाळायचे यंत्र, टेस्टर, पकडी व बाकीची हत्यारे, ज्याला दुकान मिळेल त्याला. या हत्यारांवर माझा जीव आहे. यजमानांनी मला शिकवले ते असे: मेन स्विच बंद केला, फ्यूज काढला आणि माझ्या मुठीत ठेवला. म्हणाले, "आता तू दिल्याशिवाय वीज येणार नाही. कर काम." डाव्या मुठीत फ्यूज आवळून मी एका हाताने पहिली कॉइल बसवली. वेडीवाकडी, पण बसवली. मोटर चालवून बघायची वेळ आली तेव्हा फ्यूज यजमानांना परत दिला आणि बटण बोटाने दाबले. मोटर फिरली. भीती गेली म्हणाल, तर नाही. अजूनही बटण दाबण्याआधी मी डावी मूठ आवळते. त्या भीतीसकट मी या भागातल्या निम्म्या मोटरी भरल्या आहेत, आणि याचा मला अभिमान आहे. कोणाला फुशारकी वाटली तर वाटो.

कलम पाच (खोडले आहे). दुकान. सुनेचा हात माझ्याहून बरा आहे. यजमान गेल्यापासून ती माझ्या शेजारी बसते. तिने भरलेली मोटर कुरकुरत नाही. पण गिऱ्हाईक आले की ही पडद्यामागे. दर विचारला, तर "आईंना विचारा." बाहेर कुठे जायचे, कापड कोणत्या रंगाचे घ्यायचे, सगळ्याला एकच उत्तर: "तुम्ही म्हणाल तसं." "मला हवं" असे मी तिच्या तोंडून कधी ऐकलेले नाही. मला विजेची भीती, तिला मागण्याची. मुलगा वाईट नाही, पण दुकान शेजारच्या मोबाईलवाल्यांना विकायचे त्याच्या मनात आहे. सुनेला ते माहीत आहे. तिचा जीव तुटतो, पण ती ब्र काढत नाही. सबब माझ्या मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत सुनेने नवऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने "दुकान मला हवे" असे म्हणावे. म्हटल्यास दुकान तिचे. न म्हटल्यास मुलाने खुशाल विकावे.

खोडण्याचे कारण. वरील मसुदा मी दोघांना दुकानात समोर बसवून वाचून दाखवला. मुलगा म्हणाला, "ठीक आहे, आई. तेव्हाचं तेव्हा बघू." सून उठली. मला वाटले, चालली पडद्यामागे. ती बाकाची कड धरून उभी राहिली.

"आई, ही अट मला नको," ती म्हणाली.

"मग दुकान जाईल हातचं," मी म्हटले.

"तुम्ही गेल्यावर मागून काय करू? मागितलेलं ऐकायला तुम्ही असायला हव्यात." मग ती नवऱ्याकडे वळली. "दुकान मला हवंय. विकायचं नाही. आणि आत्ताच हवंय."

मुलगा बघतच राहिला. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आताही वाटतेय."

तो म्हणाला, "बरं. मोबाईलवाल्यांना मी सांगतो."

"नको, मी सांगते," असे म्हणून ती चपला घालून शेजारी गेलीसुद्धा. मी रडले. यजमान गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते, आणि यात दुःख नावालाही नव्हते.

सबब दुकान व कलम चारमधील हत्यारे या मृत्युपत्रात येत नाहीत. त्यांचे बक्षीसपत्र मी सुनेच्या नावे करून दिले असून त्याची नोंदणी झाली आहे. वकील म्हणाले, सगळे स्वच्छ कागदावर नव्याने लिहू. मी नको म्हटले. खोडलेले दिसू दे.

येथवर लिहिलेले मी स्वतः वाचले, मला पटले, म्हणून दोघा साक्षीदारांसमोर सही करते.

सही: मोटरवाल्या काकू

साक्षीदार:
१. दवाखान्याचे डॉक्टर
२. शेजारचे मोबाईलवाले (नाराज आहेत, पण सही केली)

दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर आहे तो

स्थळ: सूनबाईचे दुकान