ढवळीला सांगितलेलं

कार्तिक शुद्ध २, शके १८४०

काल पाडव्याला नात झाली. सुईणीनं नाळ कापली, आणि जाता जाता दारातून ओरडली, "तीन दिन पाजू नको, पयलं दूध वंगाळ ऱ्हास! गुळपाणी द्या!" अंगात कणकण आहे म्हणाली. गेली ती गेली. गावभर तापाची साथ, कोण कुणाच्या दारी येतं? सुनेचं माहेरही बसलंय — आई गेली, भाऊ अंथरुणावर. आज भाऊबीज!

घरात आता मी, सून, नात आणि ढवळी गाय. मुलगा इंद्रसिंग खांडबाऱ्याला लाकडाच्या वखारीत. त्याच्या आईला जाऊन बारा दिवस झाले. ती असती तर ही वही उघडली नसती. जे सांगायचं ते तिलाच सांगत होतो.

शुद्ध ४

नातीचं रडणं बारीक झालंय, मांजराच्या पिलासारखं. वाटीत गुळपाणी, त्यात कापसाची वात. दारापाशी ठेवतो, खाकरतो, बाजूला होतो.

सुनेला या घरात येऊन दोन वर्षं झाली. माझ्यापुढे एक शब्द बोललेली नाही. आमच्यात सासऱ्यापुढे बोलत नाहीत. सासू होती मधे, ती इकडचं तिकडे करायची. आता मधे कोण? बाळंतिणीच्या खोलीची आणि गोठ्याची भिंत एकच, वर झरोका. म्हणून मी ढवळीशी मोठ्यानं बोलतो. "ढवळे, बाजरीची राब निवते आहे गं, ऊन ऊन पिऊन घे!" पलीकडे बांगड्या वाजल्या की समजायचं, ऐकलं.

आज म्हटलं, "ढवळे, खांडबाऱ्याला निरोप गेलाय. इंद्रसिंग पुनवेपर्यंत येतो बघ!" केवढ्या वाजल्या बांगड्या! मला मेल्याला हसू आलं.

शुद्ध ५

रेवजी गाडीवाला खांडबाऱ्याहून आला. घरी न येता शेताच्या बांधावर गाठलं मला. इंद्रसिंग गेला. वखारीतली चार माणसं एका दिवसात तापानं गेली, त्यात हा. अग्नी रेवजीनंच दिला.

रेवजीला शपथ घातली — गावात अक्षर काढू नकोस. बाळंतिणीनं असलं ऐकलं तर दूध आटतं. मग नात कशावर जगेल? माझं डोकं बायकोच्या सुतकात भादरलेलंच आहे. नवं काही दिसायचं नाही.

लिहायला मी त्याच्याच पाटीवर शिकलो. तो सात वर्षांचा, मी चाळिशीचा. माझं बोट धरून गिरवून घ्यायचा आणि म्हणायचा, "आबा, दाबू नका, पेन्सिल तुटेल!"

शुद्ध ६

राब केली. खाली लागली. तशीच दिली.

शुद्ध ७

तीन दिवस केव्हाच सरले, पाजायला घेतलं असणार. पण नात तोंड लावते आणि किंचाळते. तोंड लावते, किंचाळते. दारातून रिकामा तांब्या तीनदा बाहेर आला. म्हणजे सुनेला ताप. हा ताप दुधाचा की गावातला? देवा, दुधाचाच असू दे!

कालवडी काय थोड्या गेल्या माझ्या हाताखालून? पहिलटकरणीचं दूध साठलं की कास दगड होते, वासराला धरता येत नाही. आणि आम्ही तर तीन दिवस पाजूच दिलं नाही! वासराचा चीक मी कधी तोडला नाही, नातीचा तोडला. पण हे सासऱ्यानं सुनेला कुठल्या तोंडानं सांगावं?

गोठ्यात जाऊन बसलो. "अगं ढवळे, कास बघ कशी तटतटली! थांब, ऊन फडक्यानं शेकू. मग हातानं थोडं काढून टाकू. मऊ झाली की वासरू लाव. पुन्हा पुन्हा लाव. लाजायचं काय त्यात!" अंगाला घाम फुटला. ढवळी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या कासेला काही झालेलंच नव्हतं!

ऊन पाणी नि फडकं दारापाशी ठेवलं. फडकं आत गेलं. बांगड्या वाजल्या नाहीत.

शुद्ध ८

डोंगरातली दिवलीबाई मोळी घेऊन आली. गावानं दारं लावली तरी हिचं येणं चुकत नाही. मी गोठ्यात तेच पालुपद लावलेलं. ती मोळी टाकून हसायला लागली.

"दादा, तुन्ही गाय ते चांगली शे! कोणले सांगस?"

मी भिंतीकडे बोट केलं. तिचं हसू गेलं. "घरमा बाई नही?"

"नाही."

ती उंबऱ्यापाशी जाऊन थांबली. इंद्रसिंगची आई तिला ओट्यावर घेत नसे, पाणी वरून ओतायची. मी म्हटलं, "जा आत. चार पोरांची आई तू. मी सांगतो, जा."

भिंतीपलीकडून तिचा आवाज — "अशी नही... आडवी धर... मोठं तोंड उघडू दे... हां!" मग सून रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलेला तिचा आवाज तो. मग नात गप्प झाली. एकदम गप्प! खुंट धरून उभा राहिलो.

दिवलीबाई हात पुसत बाहेर आली. "घाबरू नको दादा. पी ऱ्हायनी."

शुद्ध ९

ताप उतरला. दुधाचाच होता.

शुद्ध ११

नात आता दणकून रडते, घर दुमदुमतं. दिवलीबाई रोज येते, पोरीला तेल लावते, जाताना माझी थट्टा करते — "आते गायले काय सांगशी दादा?"

सांगायचं एकच उरलंय. आणि पुनव चार दिवसांवर आली. चारा टाकतो नि मुकाट बाहेर येतो. दूध अजून नवं आहे. थोडं टिकू दे.

शुद्ध १३

ताट ठेवलं, खाकरलो, वळलो. मागून दार उघडलं. सून उंबऱ्यात उभी, नात पदराखाली.

"आबा, ढवळीले तुम्ही समदं सांगतस. आठ दिन व्हयनात, त्यासनं नाव नही लिदं."

माझी मान वर होईना.

"पोर पी ऱ्हायनी," ती म्हणाली. "आते सांगा."